पहाटे साडेपाचचा बेसबॉल : मॅनेजरला शिव्या घालण्याआधी गेमडे आणि सॅव्हंट कितपत कामाला येतात?

चांगला टाकणाऱ्याला मधेच काढलं की मैदानाबाहेरचा प्रत्येक जण कॅप्टन होतो. कापणी झालेल्या कुणग्यांत टेनिस बॉलच्या मॅच लागतात तेव्हा बांधावरून हमखास ऐकू येतं, "बरो टाकी होतो, मगे काढल्यान कित्याक?" बेसबॉलमध्ये हाच प्रश्न मॅनेजरला, म्हणजे संघाचे निर्णय घेणाऱ्या प्रशिक्षकाला पडतो आणि तिथे तो जास्त झोंबतो, कारण केलेला बदल मागे घेता येत नाही. क्रिकेटमध्ये दोन ओव्हर टाकून बाजूला ठेवलेला बोलर शेवटी परत आणता येतो. बेसबॉलमध्ये बाहेर काढलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, त्या सामन्यात पुन्हा मैदानात उतरत नाही, बॅटरचंही तेच. त्यामुळे मॅनेजर एक पिचर काढतो तेव्हा आपल्या हातातलं एक पान कायमचं खाली टाकतो.

या वादात पुरावा म्हणून सर्रास पुढे केली जाणारी दोन साधनं आहेत. एक, एमएलबीच्या (अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या) ॲपमधलं आणि संकेतस्थळावरचं गेमडे. दुसरं, बेसबॉल सॅव्हंट हे आकडेवारीचं संकेतस्थळ. सॅव्हंटला पैसे लागत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. गेमडेवर चेंडूगणिक येणारी माहितीही फुकटच आहे, पैसे पडतात ते थेट व्हिडिओला. दोन्ही इथे एकाच कसोटीवर घासली आहेत : मॅनेजरने निर्णय घेतला त्या क्षणी त्याला जे दिसत होतं, ते आपल्याला दिसतं का? होमरन (थेट मैदानाबाहेर जाऊन धावा देणारा फटका) बसल्यावर शहाणपण कोणालाही सुचतं, त्याला साधन लागत नाही.

आधी वेळेचं गणित. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेपाच. ऑक्टोबरमधले मोठे सामने साधारण याच वेळेला सुरू होतात. रापणीवर जाणाऱ्याला किंवा मासळीच्या लिलावाला उभं राहणाऱ्याला ही वेळ पहाट वाटतच नाही, बाकीच्यांना वाटते. नियमित मोसमात पूर्वेकडचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचार-पावणेपाचला सुरू होतात आणि पश्चिम किनाऱ्यावरचे सकाळी साडेसात-पावणेआठला, म्हणजे कामाच्या ऐन वेळी. पूर्वेकडचे दुपारचे सामने मात्र रात्री साडेदहा-पावणेअकराला लागतात, ते सगळ्यात सोयीचे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास मागे घेतात, तेव्हा आपली वेळ तासाने पुढे जाते.

वेळेइतकीच तारीखही फसवते. दोन्ही ठिकाणी तारीख अमेरिकेची असते. आपण २६ ऑक्टोबरच्या सकाळी पाहिलेला सामना तिथे २५ तारखेखाली सापडतो. जुना सामना शोधताना "डेटाच नाही" अशी ओरड होते ती बहुतेक वेळा याचमुळे.

परतीचा पाऊस, विजांचा कडकडाट आणि लाईट जाणं हे कोकणातल्या ऑक्टोबरचं ठरलेलं त्रिकूट. तिथे गेमडेची खरी किंमत कळते. डोंगराआडच्या वाडीत जिथे थेट व्हिडिओ दर मिनिटाला गोल फिरत बसतो, तिथेही गेमडे चालतं, कारण ते चित्र पाठवत नाही, फक्त चेंडूची नोंद पाठवतं. पडद्यावर स्ट्राइक झोनची (चेंडू वैध धरला जातो त्या जागेची) चौकट दिसते आणि तिच्यात एकेक चेंडू ठिपक्यासारखा उमटतो. शेजारी चेंडूचा प्रकार आणि वेग येतो. वेग मैलात असतो : ९५ मैल म्हणजे ताशी सुमारे १५३ किलोमीटर. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडून ठेवला की लाईट गेली तरी वायफाय चालू राहतं. मात्र गावातल्या टॉवरचीच बॅटरी संपली तर यूपीएसचा काही उपयोग नाही. फोनवर गेमडे आणि टीव्हीवर व्हिडिओ असं एकदम लावू नये. व्हिडिओ मागून येतो, त्यामुळे फोनवर होमरन उमटतो तेव्हा टीव्हीवरचा पिचर अजून कॅचरकडे बघत उभा असतो. ॲपच्या सूचना बंद केल्या नसतील तर सगळी मजाच जाते.

वादासाठी गेमडेमधली सर्वात उपयोगी जागा म्हणजे बॉक्स स्कोअरच्या (धावफलकाच्या) खाली दिलेली बेंच (राखीव बॅटर) आणि बुलपेनची (राखीव पिचरांची) यादी. तिकडे फार कमी जण बघतात. कोण बाकी आहे, कोण डावखुरा, कोण उजवा, हे तिथे कळतं. "याच्याऐवजी कोण?" हे सांगता आलं नाही तर "याला आणलाच का?" ही नुसती चिडचिड झाली. गेमडेचा एक आकडा मात्र बाजूलाच ठेवावा : हा बॅटर आणि हा पिचर आजवर समोरासमोर आले तेव्हा काय झालं, तो. नऊपैकी चार हिट (बेस मिळवून देणारे फटके) असं दिसलं की लोक हुरळून जातात. नऊ वेळच्या गाठीवरून काही ठरवणं म्हणजे एका मॅचवरून पोराला जिल्ह्याच्या संघात घेणं.

सॅव्हंटचा गेमफीड हा पुढचा टप्पा. इथे लॅपटॉप घ्यावा. तक्ते इतके रुंद आहेत की फोनवर आडवं सरकवता सरकवता रांगच चुकते, आणि कमी रेंजमध्ये पान उघडायलाही वेळ घेतं. पण उघडलं की सामन्यातल्या प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि जागा हाताशी येते, प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोनही. पिचर दमला का, हे बघायचं तर एकच गोष्ट करावी : त्याचे सगळे फास्टबॉल इनिंगप्रमाणे (दोन्ही संघांचे तीन-तीन बाद होईपर्यंतचा एक डाव) लावून पहिल्या दोन इनिंगचा वेग आणि शेवटच्या इनिंगचा वेग ताडून बघावा. एक-दोन मैलांची सलग उतरण असेल तर बोलायला जागा आहे. एखादाच चेंडू हळू पडला असेल तर नाही. दुसरी खूण म्हणजे फटके. सॅव्हंट ९५ मैल आणि त्यापुढच्या वेगाने निघालेल्या फटक्याला हार्ड हिट म्हणतं. पिचरला धावा पडल्या नसल्या तरी शेवटच्या इनिंगमधले तीन फटके असे सणसणीत थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात गेले असतील, तर त्याला काढणारा मॅनेजर मूर्ख नाही. उलटही होतं : दोन लुळे फटके मधल्या जागेत पडून धावा होतात आणि पिचरच्या नावाने बोंब उठते.

साधनं कुठवर पोहोचतात हे बघायला २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा (मोसमाच्या अंतिम मालिकेचा) सहावा सामना घ्यावा. लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध टँपा बे रेज, रेज १-० ने पुढे. रेजचा ब्लेक स्नेल आग ओकत होता : ५ पूर्णांक एक तृतीयांश इनिंग, ७३ चेंडू, २ हिट, ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) एकही नाही. सहाव्या इनिंगमध्ये एक बाद असताना ऑस्टिन बार्न्सने सिंगल घेतली आणि मॅनेजर केविन कॅश डगआउटमधून बाहेर आला. समोर मूकी बेट्स, कोरी सीगर, जस्टिन टर्नर. तिघेही स्नेलसमोर दोन-दोनदा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. कॅशने स्नेलला काढून निक अँडरसनला आणलं. बेट्सची डबल (दोन बेसचा फटका), मग वाइल्ड पिचवर (कॅचरच्या हाती न लागलेल्या चेंडूवर) बार्न्स घरी, म्हणजे एक धाव, मग सीगरच्या ग्राउंडरवर (जमिनीवरच्या फटक्यावर) बेट्सही. डॉजर्स ३-१ ने जिंकले आणि मालिका खिशात घातली.

कॅशचा मुद्दा असा की बॅटर तिसऱ्यांदा समोर येतो तेव्हा त्याने पिचरचे सगळे चेंडू बघितलेले असतात आणि मार बसतो. हे सरासरीने खरं आहे. कोणत्याही पिचरच्या पानावर बेसबॉल रेफरन्स या संकेतस्थळाच्या स्प्लिट्समध्ये (परिस्थितीप्रमाणे फोडलेल्या आकडेवारीत) पहिली, दुसरी आणि तिसरी भेट वेगवेगळी काढून दिलेली असते. स्नेलने २०२० च्या नियमित मोसमात एकदाही सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या, हेही कॅशच्या बाजूचंच. गेमफीडवर नुसता स्नेल बघणारा इथेच अडतो, कारण खरी गोम दुसऱ्या नावात आहे. निक अँडरसनचा गेम लॉग (सामन्यागणिक नोंद) उघडावा. त्याआधीच्या सलग सहा सामन्यांत त्याने निदान एक धाव दिली होती. हे कॅशच्याही समोर होतं, म्हणजे हा मागाहून सुचलेला शहाणपणा नव्हे. स्नेलला काढायचं की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, अँडरसनला आणण्यावर फारसं येत नाही. तसंही ७३ चेंडूंवर, वेग टिकून असताना, त्या तिघांपुढे स्नेलच हवा होता असं या परीक्षणाचं मत. सॅव्हंटला पैकीच्या पैकी गुण नाही देता येत ते यासाठी : उत्तर त्याच्याकडे असतं, पण ते चार क्लिक खोल गाडलेलं असतं, आणि कुठल्या पिचरचं पान उघडायचं हे ते सांगत नाही.

२०२४ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना याहून गुंतागुंतीचा. न्यूयॉर्क यांकीज दहाव्या इनिंगमध्ये ३-२ ने पुढे, डॉजर्स शेवटच्या बॅटिंगला. एक बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावक, बॅटिंगला शोहेई ओहतानी. मॅनेजर ॲरन बूनने डावखुरा नेस्टर कोर्टेस आणला. तो दुखापतीमुळे १८ सप्टेंबरनंतर एकही सामना खेळला नव्हता. दुसरा डावखुरा टिम हिल उपलब्ध होता, चेंडू जमिनीवर मारायला लावण्यात त्याची ख्याती. एक बाद आणि पहिल्या बेसवर धावक असताना जमिनीवरचा फटका म्हणजे दुहेरी बळी, आणि सामना तिथेच खलास. त्यावर बूनचं म्हणणं असं पडलं की ओहतानी इतका वेगात पळतो की त्याच्यावर दुहेरी बळी मिळणं अवघड. हे तपासता येतं : सॅव्हंटवर प्रत्येक खेळाडूचा धावण्याचा वेग सेकंदाला किती फूट ते दिलेलं आहे. बूनची ती सबब खोटी नव्हती.

पुढचं सगळं दोन चेंडूंत आटोपलं. पहिल्या चेंडूवर ओहतानीचा फाउल झेल ॲलेक्स व्हर्डुगोने घेतला, पण तो झेल घेऊन प्रेक्षकांत कोलमडला, म्हणून नियमाप्रमाणे दोन्ही धावकांना एकेक बेस मिळाला. दोन बाद, धावक दुसऱ्या-तिसऱ्यावर. बूनने मूकी बेट्सला मुद्दाम वॉक दिला. २०१७ पासून त्यासाठी चार चेंडू टाकावे लागत नाहीत, डगआउटमधून खूण केली की झालं. बेट्स उजवा, मागून येणारा फ्रेडी फ्रीमन डावखुरा, म्हणून डावखुऱ्या बॅटरला जड जाणारा डावखुरा पिचर समोर. फ्रीमनने पहिल्याच चेंडूवर ग्रँड स्लॅम (बेस भरलेले असताना चार धावांचा होमरन) मारला, ६-३. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात सामना संपवणारा तो पहिला ग्रँड स्लॅम.

इथे नियम माहीत नसेल तर वाद भरकटतो. "ओहतानीनंतर कोर्टेसला काढायचा ना!" असं बरेच जण म्हणतात. २०२० पासून आलेल्या पिचरला निदान तीन बॅटरना चेंडू टाकावेच लागतात, इनिंग संपली किंवा दुखापत झाली तरच सुटका. मुद्दाम दिलेला वॉकही त्या तिघांत धरला जातो. ओहतानी एक, बेट्स दोन, म्हणजे फ्रीमनपुढे कोर्टेसच असणार, हे त्याला आणतानाच ठरलेलं होतं. बूनच्या हातात फक्त एवढं होतं : कोर्टेसला बेट्ससमोर चेंडू टाकू द्यायचे की नाही. गेमडे आणि सॅव्हंट दोन्ही घटना लिहितात, पण नियमाची अट आता लागू आहे असं कुठेही दाखवत नाहीत. नवख्यासाठी ही मोठीच उणीव. बेस भरले की एक साधा वॉकही धाव देतो, आणि महिनाभर न खेळलेल्या माणसाला स्ट्राइक टाकण्यावाचून पर्याय उरत नाही. हे समजायला आकडे लागत नाहीत, नियम लागतो.

जिंकण्याच्या शक्यतेच्या आलेखाबद्दल दोन शब्द, कारण वादात तोच सगळ्यात जास्त फेकला जातो. सामन्यानंतर रेघ खाली कोसळलेली दाखवून "बघा, इथे घालवलं" म्हणतात. फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या संकेतस्थळावरचा डब्ल्यूपीए (जिंकण्याच्या शक्यतेत पडलेली भर) हा आकडा धावसंख्या, इनिंग, बाद किती आणि बेसवर कोण एवढंच बघतो आणि बाकी सगळे सरासरी खेळाडू धरतो. बॅटिंगला ओहतानी आहे की नवव्या क्रमांकाचा बदली, त्याला कळत नाही. रेघ घटनेवर हलते, निर्णयावर नाही. मॅनेजरने चुकीचा पिचर आणला आणि त्याने तीन बाद काढले तर रेघ वरच जाते.

त्यापेक्षा कामाचं आहे ते धावांच्या अपेक्षेचं कोष्टक. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ टॉम टँगो यांनी २०१० ते २०१५ च्या सामन्यांवरून मांडलेलं एक कोष्टक प्रसिद्ध आहे. त्यात पहिल्या बेसवर धावक आणि कोणी बाद नाही, तर त्या इनिंगमध्ये पुढे सरासरी ०.८६ धावा होतात. बंट करून (बॅट न फिरवता चेंडू हळूच खाली ठेवून) तो दुसऱ्यावर नेला आणि एक बाद झाला, तर ०.६६. म्हणजे बंटने नुकसान. पण हे सूत्र पाठ करून प्रत्येक बंटवर ओरडणाऱ्याने २०२५ च्या अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना काढून बघावा. आपल्याकडे ती लक्ष्मीपूजनाच्या दिवसाची सकाळ होती, कारीट फोडून एक दिवस उलटला होता. सिॲटल मरिनर्स ३-१ ने पुढे, टोरोंटो ब्लू जेजची सातवी इनिंग, पहिल्या-दुसऱ्यावर धावक, बाद कोणी नाही. आंद्रेस हिमेनेझने बंट केला. त्याच कोष्टकात या स्थितीला १.४४ आहे, बंटनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्यावर धावक, एक बाद या स्थितीला १.३८. नुकसान नावापुरतं, आणि एक सिंगल बसली की बरोबरी. मग सिॲटलचा मॅनेजर डॅन विल्सनने एदुआर्द बझार्डोला आणलं आणि जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन ठोकला. टोरोंटो ४-३ ने जिंकलं. सिॲटलचा सगळ्यात भरवशाचा रिलीव्हर (मधेच बदली येणारा पिचर) आंद्रेस मुन्योस त्या वेळी बुलपेनमध्येच होता. सातवी इनिंग ही "त्याची" नव्हती, एवढ्यासाठी.

भरवशाचा पिचर शेवटासाठी राखून ठेवायची ही सवय जुनी आहे. २०१६ मध्ये बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने मोसमात ४७ पैकी ४७ सामन्यांत शेवटी येऊन आघाडी राखली होती, धावांची सरासरी ०.५४. तरी वाइल्ड कार्ड (हरला तो बाहेर) सामन्यात २-२ अशी बरोबरी असताना मॅनेजर बक शोवॉल्टरने त्याला आघाडी मिळेल तेव्हासाठी राखून ठेवला, आघाडी आलीच नाही. अकराव्या इनिंगमध्ये टोरोंटोच्या एडविन एन्कार्नासियोनने उबाल्डो हिमेनेझला तीन धावांचा होमरन मारला. गेमडेवर त्या रात्रीची बुलपेनची यादी बघितली की ब्रिटनचं नाव न वापरलेल्यांत तसंच दिसतं.

दोन्ही साधनांचा एकत्रित दोष इथेच आहे. यादीत नाव असणं म्हणजे पिचर तयार असणं नव्हे. कोण वॉर्म-अप करत होता, कोणाचा खांदा आखडला होता, कोणी सकाळीच "आज जमणार नाही" म्हणून सांगितलं होतं, हे आकड्यांत उमटत नाही. थोडंफार शोधता येतं : रिलीव्हरच्या गेम लॉगमध्ये मागच्या तीन दिवसांत त्याने किती चेंडू टाकले ते बघावं. सलग दोन दिवस टाकून तिसऱ्या दिवशी न दिसलेल्या माणसासाठी मॅनेजरला धारेवर धरू नये. बाकी मॅनेजर सामन्यानंतर पत्रकारांपुढे जे सांगतो तेवढंच, आणि तेही पूर्ण खरं असेलच असं नाही.

जुन्या वादांना तर सॅव्हंटचा काहीच उपयोग नाही. तिथली चेंडूगणिक माहिती २००८ पासूनची, फटक्यांचा वेग वगैरे २०१५ पासूनचा. त्यामुळे १६ ऑक्टोबर २००३ ला बॉस्टनचा मॅनेजर ग्रेडी लिटलने आठव्या इनिंगमध्ये ५-२ अशी आघाडी असताना दमलेल्या पेड्रो मार्टिनेझला का ठेवलं, मैदानात जाऊन त्याच्याशी बोलूनही का काढलं नाही, यावर फास्टबॉलचा वेग काढून दाखवता येत नाही. ते भांडण चहाच्या टपरीवर तोंडानेच करावं लागतं. समोरच्या यांकीजनी ५-५ केलं आणि अकराव्या इनिंगमध्ये टिम वेकफील्डला पहिल्याच चेंडूवर होमरन मारून सामना संपवला तो ॲरन बूनने. कोर्टेसला आणणारा बून तो हाच.